देवटेकचा दगड : खालची ओळ कशी वाचायची?



आपल्या अंकांतून कवितेची समीक्षा होते, कथेची होते, नाटकाची होते. प्रस्थापितांच्या सौंदर्यशास्त्राला आपण शिव्या घालतो, आणि त्या घालायलाच पाहिजेत. पण आपल्या बायामाणसं कवितासंग्रह विकत घेत नाहीत. ती दीक्षाभूमीवर नागपूरला जातात, पोरं संगं असली की अजब बंगला पाहतात, महाराजबाग पाहतात, फुटाणे खातात आणि रातच्या गाडीनं परत येतात. म्हणजे इतिहास नावाची गोष्ट आपल्या घरात पुस्तकातून कमी आली आणि काचेच्या कपाटातून जास्त आली. मग त्या कपाटाची समीक्षा कोणी करायची? आपण ते सहल म्हणून पाहतो आणि सोडून देतो. मी म्हणतो, तो ग्रंथ आहे आणि ग्रंथासारखाच तो तपासला पाहिजे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. नागभीडकडच्या एका भातगिरणीत पोती शिवतो आणि कविता लिहितो. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून वाचलं. तरी या विषयावर बोलायचा हक्क मला आहे असं मी समजतो. कारण त्या कपाटात ज्यांच्या वस्तू ठेवल्या आहेत ते लोक आमच्याच मुलखातले आहेत.

आधी नाव घ्या. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचं लोकांच्या तोंडचं नाव अजब बंगला. अजब म्हणजे विचित्र, कधी न पाहिलेलं. आता विचार करा, कोणासाठी अजब? गोंडाच्या पोराला तीरकामठा अजब वाटत नाही. महाराच्या म्हातारीला हातमागाचा धोटा अजब वाटत नाही. अजब वाटलं ते बाहेरून आलेल्या साहेबाला. त्याच्या डोळ्यांनी आपलीच वस्तू आपण पाहायला जातो आणि तिकीट काढून अजब वाटून घेतो.

हे संग्रहालय १८६३ साली सुरू झालं. त्या वेळी मध्यप्रांताचा कारभार रिचर्ड टेंपल या साहेबाच्या हाती होता. आता ही साल एकटी वाचू नका, तिच्या आजूबाजूच्या साली वाचा. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. १८५८ मध्ये, २१ ऑक्टोबरला, चांद्याला बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली. १८६१ मध्ये मध्यप्रांत बनला. १८६३ मध्ये संग्रहालय उघडलं. १८६५ मध्ये इंग्रजांचा पहिला जंगल कायदा आला. राज्य गेलं, माणूस फासावर गेला, मग त्याच्या लोकांच्या वस्तू गोळा करणं सुरू झालं, आणि दोन वर्षांत त्यांचं जंगलही कायद्यात अडकलं. या पाच साली एका ओळीत लिहिल्या म्हणजे कळतं, की संग्रहालय हे राज्य चालवण्याच्या कामातलंच एक काम होतं. ज्याच्यावर राज्य करायचं त्याची मोजदाद पाहिजे, यादी पाहिजे, नमुना पाहिजे.

याचा अर्थ गोळा करणारे सगळे बदमाश होते असा नाही. समीक्षकाने सरळ हिशेब करावा. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी १८४५ पासून नागपुरात होता. दगड, जीवाश्म, जमातींची भाषा, गाणी, सगळं त्याने मेहनतीने टिपलं. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना तो भरल्या नाल्यात बुडून मेला. त्याचे कागद टेंपलने १८६६ मध्ये छापले. त्यात गोंडांच्या लिंगोची गाथा आहे. हे काम झालं नसतं तर तेवढं तरी छापील स्वरूपात आपल्याला दिसलं नसतं. पण पुस्तकावर नावं आहेत हिस्लॉपचं आणि टेंपलचं. ती गाथा शेकडो वर्षं तोंडपाठ ठेवली, पिढी दर पिढी किंगरीवर गायली, ते परधान. ते पुस्तकाचे लेखक नाहीत. ते झाले ‘माहिती’.

माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो म्हणजे लवकर समजेल. गिरणीतून पोतं निघतं त्यावर मिलचा छाप असतो. धान पिकवणाऱ्याचं नाव त्यावर नसतं. चिखलात कंबर मोडून रोवणी करणारीचं नसतं. पाठीवर पोतं घेणाऱ्या हमालाचंही नसतं. शेवटचा हात ज्याचा, छाप त्याचा. संग्रहालयाचा नियम हाच आहे. ‘शोध लावला’ म्हणजे काय? टाकळघाटच्या गोट्यांमधून तिथले गुराखी रोज जात होते. साहेबाने पाहिलं तेव्हा त्याला शोध म्हणाले.

हा नियम फक्त इंग्रजाचा नाही आणि फक्त नागपूरचाही नाही. अमेरिकेत गावोगावी ‘पायोनियर’ लोकांची संग्रहालयं आहेत. पायोनियर म्हणजे पहिल्यांदा येऊन वसलेले, आद्य वसाहतकार. घरची मंडळी रविवारी पोराबाळांना घेऊन ती पाहायला जातात. आत काय असतं? पणजोबाची बैलगाडी, नांगर, पणजीचा चरखा, कंदील, भांडी. १८६२ साली तिथल्या सरकारने कायदा केला आणि वस्ती करणाऱ्याला १६० एकर जमीन देऊ केली. ती जमीन रिकामी नव्हती. तिथे मूळ रहिवाशांच्या जमाती होत्या. त्यांना हाकलून, करार मोडून, मारून ती रिकामी केली गेली. मग जो नंतर आला तो ‘पहिला’ झाला! आणि जो आधी होता तो कुठे गेला? तो प्राण्यांच्या आणि दगडांच्या संगं निसर्गाच्या संग्रहालयात गेला.

सारा बार्टमन ही दक्षिण आफ्रिकेतली खोईखोई बाई. १८१० पासून तिला लंडनला आणि मग पॅरिसला तमाशासारखं दाखवलं. १८१५ मध्ये ती मेली तर तिचा देह संग्रहालयात ठेवला. माणसाचा नमुना म्हणून! तो पॅरिसच्या संग्रहालयात १९७० नंतरही लोकांना दिसत होता. २००२ साली ती आपल्या मातीत परत आली आणि तिला मूठमाती मिळाली. अमेरिकेत १९९० मध्ये कायदा झाला, की जमातींच्या पूर्वजांच्या अस्थी आणि पवित्र वस्तू संग्रहालयांनी त्यांच्या वारसांना परत कराव्या. हे कोणाच्या दयेने झालं नाही. लोक भांडले म्हणून झालं.

आता आपल्याकडे या. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांताच्या जाती-जमातींवर चार खंड काढले. तिसऱ्या खंडात गोंड आहेत, चौथ्यात महार आहेत. लग्न कसं करतात, मेल्यावर काय करतात, काय खातात, गावात कोणतं काम करतात, सगळं लिहून ठेवलं आहे. अक्षरांच्या क्रमाने, कपाटात बाटल्या लावाव्या तशा जाती लावल्या. म्हणून कोणी गडी म्हणत असेल की संग्रहालयाचा प्रश्न आदिवासींचा आहे, आपला काय संबंध, तर त्याने तो चौथा खंड उघडावा. आपणही त्याच कपाटात होतो. त्यातून बाहेर कसे आलो? १९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढलं. १४ तारखेला नागपूरला, १६ तारखेला आपल्या चांद्याला. त्या दिवशी ‘नमुना’ उठून उभा राहिला आणि बोलू लागला. जगाच्या कोणत्या संग्रहालयात असं घडलं आहे?

मागच्या आषाढात गिरणी बंद होती तेव्हा आई, बहीण आणि भाच्याला घेऊन मी नागपूरला गेलो. नागभीडची छोटी लाईन २०१९ मध्ये मोठी करण्यासाठी बंद केली, म्हणून एस.टी.ने उमरेडवरून गेलो. भाचा आठ वर्षांचा. भुसा भरलेल्या प्राण्यांपाशी तो खूश. मग आदिवासी दालनात आला. दागिने, वाद्यं, घरातल्या वस्तू पाहिल्या आणि म्हणाला,

“मामा, हे लोक आता मेले का?”

मी म्हटलं, “तुझ्या बाकावर गोंडाचा पोट्टा बसते ना, तो कोण होय मंग?”

तो गप्प झाला. पोराला दोष नाही, आणि त्या एका इमारतीलाही मी दोष देत नाही. काचेचा हा गुण आहे. काचेमागे ठेवलेली वस्तू बंद पडलेली वाटते. ज्याची वस्तू तोही संपलेला वाटतो. भामरागडचा माडिया आज जंगलहक्काचा दावा भरतो, ग्रामसभेत बसतो, मोबाईलवर बोलतो. पण काचेमागे तो ‘होता’ होतो. जगणाऱ्या माणसाला भूतकाळात टाकणं ही साधी गोष्ट नाही. ज्याला भूतकाळात टाकलं त्याची जमीन मागायला सोपी जाते.

परतीच्या गाडीत मी आईला देवटेकच्या दगडाची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगायची आहे, कारण या लेखाचा मुद्दा तिच्यात आहे.

नागभीडजवळ देवटेक नावाचं लहान गाव आहे. तिथे एक मोठी शिळा होती. कनिंगहॅमने १८७७ साली अशोकाच्या लेखांचा ग्रंथ काढला त्यात तिची नोंद केली. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तिच्यावरचे लेख नीट वाचले. ती शिळा नागपूरच्या संग्रहालयात जमा झाली. तिच्यावर एक नाही, दोन लेख आहेत. पहिला जुना, ब्राह्मी अक्षरात, प्राकृत भाषेत, म्हणजे लोकांच्या बोलीजवळच्या भाषेत. कोणा स्वामीची आज्ञा चिकम्बरी या ठिकाणी दिली आहे, की प्राण्यांना पकडू नये, मारू नये, आणि जो ऐकणार नाही त्याला शिक्षा होईल. मिराशींचं मत असं, की ही आज्ञा अशोकाच्या धर्ममहामात्राची असावी. दुसरा लेख चौथ्या शतकातला, संस्कृतात. तो वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा. चिक्कम्बुरीला त्याने धर्मस्थान बांधलं असं तो सांगतो. चिक्कम्बुरी म्हणजे देवटेकजवळचं आजचं चिकमारा.

आता नीट ऐका. हा दुसरा लेख कोरायला जागा पाहिजे म्हणून पहिल्या लेखाचा काही भाग छिन्नीने काढून टाकला आहे. रुद्रसेन हा महाभैरवाचा भक्त. दगडांचा मुलूख आमचा, डोंगरात दगडाला तोटा नाही. पण त्याला तोच दगड पाहिजे होता.

आई ऐकत होती. म्हणाली, “देवटेक त तुह्या मावशीचं गाव होय. मंग आमाले कोनी सांगतलन काऊन नाही?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ एका वाक्यात नव्हतं, आजही नाही. पण या प्रश्नापासून समीक्षा सुरू होते असं माझं मत आहे. सहाशे वर्षं आधीची ओळ खाली आहे, नंतरची वर आहे. वरची ओळ राजाची, नावासकट. खालची अर्धी फुटलेली. पण ती आहे. छिन्नीने सगळं गेलं नाही. जेवढं उरलं तेवढ्यावरून खालचा माणूस काय म्हणत होता ते वाचता येतं. मी म्हणतो, आपल्या सगळ्या इतिहासाची हीच रचना आहे आणि संग्रहालयाचीही. वरची ओळ वाचायला शाळा शिकवते. खालची ओळ वाचायला कोणी शिकवत नाही. ती आपण शिकायची.

पण इथे दोन गोष्टी सावध राहून बोललं पाहिजे. खालची ओळ तिथे आहे हे आपल्याला सांगितलं कोणी? मिराशींनी. ते बामण होते, संस्कृतचे पंडित होते, आणि त्यांनी हे लपवलं नाही. १९६३ च्या त्यांच्या वाकाटकांच्या ग्रंथात ते स्पष्ट छापलं आहे. तेव्हा जात पाहून पुस्तक फेकू नका. पुस्तक वाचा, पुरावा घ्या, आणि त्याचा अर्थ आपल्या बुद्धीने लावा. भाषणात शिवी चालते. अभ्यासात पान नंबर लागतो.

दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. छिन्नी आपल्या हातातही येऊ शकते. आपले काही कार्यकर्ते जुना दगड दिसला की म्हणतात, हे सगळं बौद्धांचंच होतं. भद्रावतीच्या विजासन लेण्यात तीन बोगद्यांच्या टोकांना बुद्ध बसलेले आहेत. तिथे पुरावा डोळ्यांसमोर आहे, तिथे छातीठोक बोला. पण चंद्रपूरचा परकोट गोंड राजांचा आहे. अचलेश्वर दाराजवळची समाधी राणी हिराईने आपल्या नवऱ्यासाठी, बीरशहासाठी, बांधली. लिंगोची गाथा गोंडांची आहे. त्यांच्या ओळीवर आपली ओळ कोरायला गेलो तर आपण रुद्रसेनाच्या बाजूला उभे राहिलो. गडचिरोलीत आपल्या वस्त्या आणि गोंडांच्या टोल्या एका वावराच्या अंतरावर आहेत. जंगलाचा दावा असो की बांबूचा, लढाई उद्या सोबत लढायची आहे. ज्याचा इतिहास आपण पुसला तो आपल्या मोर्च्यात कायले येईल?

एक मित्र मला म्हणाला, “ठेकेदार पगार बुडवते आनं तू दगडं वाचत बसला. याच्यानं पोट भरते का?” प्रश्न रास्त आहे. त्याला माझं उत्तर असं : मस्टरवर ज्याचं नाव नाही त्याला पी.एफ. मिळत नाही हे तुला माहीत आहे. दहा वर्षं राबला तरी कागदावर तो नव्हताच. इतिहासही मस्टर आहे. ज्याचं नाव त्यात चढलं नाही त्याच्या पोराला उद्या विचारतील, तुम्ही इथले कोण? आपल्या लोकांना हे अनेकदा विचारलं गेलं आहे. जंगलहक्काच्या २००६ च्या कायद्यातच बघ. आदिवासी नसलेल्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. तेव्हा वाडवडिलांचं नाव कुठे लिहिलं आहे हा पोटाचाच प्रश्न होतो.

म्हणून अमेरिकेच्या त्या पायोनियर संग्रहालयांवर थुंकून मोकळं होऊ नका. त्यांचं ‘आम्ही पहिले’ हे खोटं आहे. पण एक गोष्ट त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. साध्या शेतकऱ्याच्या बाईची कढई ते फेकत नाहीत. ती ठेवतात आणि तिच्याखाली चिठ्ठी लावतात : अमकीची कढई, अमक्या साली अमक्या गावाहून आणली. राजाची तलवार सगळेच ठेवतात. बाईची कढई नावासकट ठेवणं, हे आपल्याला जमलं पाहिजे.

आपल्याकडे सुरुवात झालेली आहे. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वस्तू आहेत. त्यांचा टाइपरायटर, त्यांचे कपडे. वामनराव गोडबोले यांनी त्या जपल्या म्हणून आज दिसतात. पोराबाळांना घेऊन तिथे जरूर जा. कोटासमोर उभं राहून माणूस गप्प होतो, कारण तो कोट कोणाचा हे त्याला माहीत आहे. नाव आहे म्हणून वस्तू बोलते.

पण १६ ऑक्टोबरला चांद्याच्या मैदानावर जे लोक बसले होते, त्यांची वस्तू कुठे आहे? आमच्या टोलीवर एक बुढी होती. बारा वर्षांची असताना बापासोबत छोट्या लाईनीने चांदा फोर्टला उतरली होती. सोबत भाकरीचं गाठोडं आणि एक पितळी गडवा. घरी परतल्यावर बापाने कोनाड्यातले देव त्याच गडव्यासोबत नेऊन तलावात सोडले आणि गडवा धुवून घरी आणला, असं ती सांगत होती. दोन वर्षांपूर्वी बुढी मेली. पोरांनी घर पाडून नवं बांधलं तेव्हा गडवा मोडीत गेला. किलोच्या भावाने. कोणी वाईट नव्हतं. कोणाला माहीतच नव्हतं की त्या गडव्यावर एक चिठ्ठी लागायला पाहिजे होती.

१९५६ ला जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. आणखी दहा वर्षांनी हे काम करता येणार नाही. त्यासाठी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. विहारातली एक लाकडी पेटी, एक वही, आणि धा-वीस पोरं पाहिजेत. वहीत लिहायचं : वस्तू काय, कोणाची, कोणी बनवली, कोणत्या गावची, घरात कशी आली, आणि सांगणाऱ्याचं नाव. सांगणाऱ्याचं नाव आधी, लिहिणाऱ्याचं खाली. हिस्लॉपच्या पुस्तकात जे उलटं झालं ते आपल्या वहीत सुलटं करायचं. आणि वस्तू घरच्यांना ठेवायची असेल तर त्यांच्याच घरी राहू द्या. आपल्याला चिठ्ठी पाहिजे, कब्जा नको.

आणि सहलीला जाल तेव्हा, अजब बंगला असो की दुसरं कोणतं, प्रत्येक कपाटापाशी पोरांना तीन गोष्टी विचारायला लावा. हे कोणी बनवलं? हे कोणाकडून घेतलं? ज्याने बनवलं त्याचे लोक आज कुठे आहेत? चिठ्ठीवर उत्तर असेल तर चांगलं. नसेल तर वहीत प्रश्न लिहून घ्या आणि संग्रहालयाच्या अधिकाऱ्याला सभ्य भाषेत पत्र टाका. पत्राची एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

या वर्षी १६ ऑक्टोबरला चांद्याला येताना आपापल्या गावातल्या निदान एका म्हाताऱ्या माणसाचं सांगणं लिहून आणा. देवटेक, चिकमारा, नागभीड, मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, जिथून याल तिथून. अंकात जागा कमी पडली तर कविता मागे ठेवू. माझी आधी ठेवा.

जय भीम.